फोनच्या पलीकडचा माणूस

सकाळी लायब्ररीत जायच्या गडबडीत होते आणि फोन वाजला. पलीकडे एझ्रा होता, दीनाताईचा नवरा. एझ्रा मूळचा बगदादचा. मराठी बायकोबरोबर पंचवीसएक वर्षं संसार करून त्याला मराठी आलं ते एवढंच: "भूक लागली", "चल, निघ" आणि दोन-तीन शिव्या, ज्या तो चारचौघांत अगदी निरागस चेहऱ्याने वापरायचा. त्या दिवशी तो हॅलोही म्हणाला नाही. अंधारात पायऱ्या उतराव्यात तसं एकेक अक्षर चाचपत म्हणाला, "सुनंदा... दीना गेली." पुढे इंग्रजीत त्याने सांगितलं, की हे वाक्य दीनानेच त्याला हॉस्पिटलमध्ये शिकवलं होतं, चांगलं घोकून घेतलं होतं. "तिला इंग्रजीत सांगू नकोस, तिला ते खरं वाटायचं नाही," असं म्हणाली होती. स्वतःच्या मरणाची बातमी कुणाला कुठल्या भाषेत द्यायची याची व्यवस्था करून ठेवणारी बाई... आता काही आठवडे उलटले, तरी ते तिचं नसणं मी मराठीतच समजून घेण्याचा प्रयत्न करते आहे. म्हणून हे लिहायला बसले.

आमची ओळख बर्मिंगहॅमच्या बसमध्ये झाली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी नागपूरहून इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. मांडीवर मुलगी, एका हाताने घडी केलेली बाबागाडी सांभाळलेली आणि पोरगी रडायची थांबत नव्हती. "गप की गं, आता उतरायचंच आहे," असं मी तिला म्हणतेय तोच पुढच्या सीटवरची नर्सच्या निळ्या गणवेशातली बाई वळली आणि म्हणाली, "कान झाक तिचे आधी. वारं गेलंय कानात." मी इतकी दचकले की मुलगीही दचकून गप्प झाली. बाईच्या गळ्यात बारीक साखळी होती आणि साखळीत सहा टोकांची चांदणी. मी तिकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "थळकर," ती म्हणाली, "माहेरची. अलिबागजवळचं थळ. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. गावात आम्हाला शनवार तेली म्हणायचे. आमचे आजे-पणजे तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून." परदेशात मराठी माणूस भेटला की आडनावाचा प्रश्न फार लवकर येतो, आणि तो का येतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिने माझं विचारलंच नव्हतं. तरी मी म्हणून गेले, "आमच्या लोकांना घाण्याजवळ उभं राहू देत नव्हते." हे त्या बसमध्ये मी का बोलले, कोण जाणे. तिने शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "मग तिथे मागे काय बसलीस? ये इथे," म्हणाली.

ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून पहिले काही महिने मी तिला अहो-जाहो करत असे. एक दिवस वैतागून म्हणाली, "ए बाई, ते अहो माझ्या सासूसाठी ठेव. मला ताई म्हण, नाहीतर नुसती हाक मार. इथे वॉर्डात सगळे मला सिस्टर म्हणतात आणि घरी कुणी मराठीतून हाकच मारत नाही." तेव्हापासून ती दीनाताई झाली. तिचं घर आमच्यापासून बसने जवळ होतं. विटांचं, एकाला एक लागून असलेल्या घरांपैकी. दार उघडलं की चिंचोळा पॅसेज, तिथेच एका छोट्या टेबलावर फोन, आणि फोनशेजारी खुर्चीत काळी शाल पांघरून बसलेल्या तिच्या सासूबाई. स्वयंपाकघरात जायचं तर त्यांच्या पायांना वळसा घालून जावं लागे. आत बैठकीच्या खोलीत गॅसची शेगडी पेटलेली, मऊ कोच रिकामा, आणि या बाई हिवाळ्यातसुद्धा त्या गारठ्यात. "त्यांना दारातली हवा आवडते," दीनाताई सांगायची. आम्हा सगळ्यांचा तसाच समज होता.

सासूबाईंना सगळे उम्म सलीम म्हणत. बगदादच्या ज्यू घरांतून, तिथल्या शेजारपाजाऱ्यांसारखीच, बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत. उम्म सलीम, म्हणजे सलीमची आई. एझ्रा धाकटा. दीनाताईचं लग्न या हाकेमुळेच जमलं, असं ती गमतीने म्हणायची. एझ्रा आईला घेऊन नुकताच इंग्लंडला आला होता आणि आई न्यूमोनियाने दीनाताईच्या वॉर्डात होती. नर्सेस "मिसेस अमुक, मिसेस अमुक" करून थकल्या, पण म्हातारी डोळे उघडून बघेना. डॉक्टरांना वाटलं, ऐकू येत नसावं. दीनाताईने मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "घरी यांना काय म्हणतात?" तिला हे सुचलं, कारण थळला तिच्या स्वतःच्या आजीला उभ्या आयुष्यात कुणी नावाने हाक मारली नव्हती. मुलाने सांगितलं. दीनाताई पलंगाशी वाकून म्हणाली, "उम्म सलीम, सूप घेणार?" म्हातारीने डोळे उघडले आणि सूप घेतलं. "आणि त्याने मला घेतलं," दीनाताई म्हणायची. एझ्रा इंग्रजीत म्हणायचा, "खोटं आहे. सूप आधी मी संपवलं होतं."

थोरल्या सलीमबद्दल मात्र त्या घरात गंमत नव्हती. मला जे कळलं ते तुकड्यातुकड्याने, दीनाताईकडून. सदुसष्टच्या अरब-इस्रायल युद्धानंतर इराकच्या सरकारने आपल्याच ज्यू नागरिकांवर सूड उगवायला सुरुवात केली. नोकऱ्या काढून घेतल्या, बँकेतली खाती गोठवली, घरापासून फार लांब जायला बंदी केली, घरोघरचे फोन तोडले. खोटे खटले भरले आणि चौकात माणसं फासावर लटकवून ते बघायला या म्हणून रेडिओवरून लोकांना बोलावलं. पुढे काही वर्षांनी माणसं घरातून उचलली जाऊ लागली. एका संध्याकाळी तिघेजण सलीमला घेऊन गेले. एझ्रा त्या वेळी घरी नव्हता, आई होती. सलीम परत आला नाही. त्याचा खटला झाला नाही, शिक्षा झाली नाही, प्रेत मिळालं नाही. कुठल्याही कचेरीत विचारलं तरी उत्तर एकच, असा माणूस आमच्याकडे नाही. पासपोर्ट मिळाले तेव्हा एझ्राने आईला जवळजवळ ओढून बाहेर काढलं. निघताना तिने घराची किल्ली शेजारच्या मुसलमान बाईंकडे दिली, सलीम आला तर दार उघडून द्यायला. त्या संध्याकाळी नेमकं काय झालं, हे मात्र आईने पुढे कित्येक वर्षं कुणालाही, एझ्रालासुद्धा सांगितलं नाही.

दीनाताईला हे सगळं नवीन होतं. "अगं, कोकणात आम्ही किती शतकं राहिलो," ती म्हणायची, "दर्यात फुटलेल्या गलबतातून आलो म्हणतात. पण ज्यू म्हणून कुणी दगड मारल्याची एक गोष्ट आमच्या घरात नाही. आजीला विचारलं असतंस तर म्हणाली असती, छळ म्हणजे सुनेने मीठ जास्त घालणं. माणूस माणसाला छळतो हे मला कळतं, सुनंदा. वॉर्डात रोज बघते. पण सरकार? टेबलामागे बसलेला, शिक्का मारणारा माणूस? आपलं घर कुठलं, आत किती माणसं, फोन कुठे, हे ज्याच्या कागदावर लिहिलंय तो?" मी तिला सांगितलं, की माझ्या घरी देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि खाली फळीवर राज्यघटनेचं पुस्तक. वडील त्याला धूळ बसू देत नसत. ते म्हणायचे, गाव आपल्याशी कसंही वागलं तरी या पुस्तकात गावाच्याही वर कुणीतरी आहे. दीनाताई म्हणाली, "आणि त्या वरच्यानेच मारलं तर? त्याच्या वर कोण?" मी तेव्हा विद्यापीठाच्या कायद्याच्या लायब्ररीत नुकतीच लागले होते. उत्तराचे तुकडे तिथल्या कपाटांत होते, पण ते अजून तुकडेच होते.

त्या काळात इथल्या कुणाला बगदादच्या ज्यूंशी देणंघेणं नव्हतं. इराकचं इराणशी युद्ध चालू होतं आणि इंग्लंडला इराकशी व्यापार हवा होता. दीनाताई ड्यूटी संपवून पार्लमेंटच्या सभासदांना पत्रं लिहायची. छान कागदावर छान उत्तरं यायची, खेद वगैरे. पुढे इराकने कुवेत घेतलं आणि एका उन्हाळ्यात सगळं फिरलं. ज्यांना तोवर गिऱ्हाइकं हवी होती त्यांना आता साक्षीदार हवे होते. "बघ," दीनाताई म्हणाली, "आमचा सलीम आता फॅशनमध्ये आला." ती फार कडवट कधी बोलत नसे. एवढंच तेव्हा बोलली.

पण त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, घरात एक गोष्ट घडली होती आणि ती चूक दीनाताईची होती. एझ्राला भावासाठी प्रार्थना म्हणायची होती. तो म्हणे, "माझा भाऊ मेलाय हे मोठ्याने म्हणायची मला परवानगी हवीय. आई ती देत नाही." ज्यूंमध्ये माणूस गेला की घरचे सात दिवस खाली बसतात, दर वर्षी त्या तिथीला दिवा लावतात. सलीमसाठी यातलं काहीच झालं नव्हतं. दीनाताईला वाटलं, आपण मधला रस्ता काढू. घरात नको, पण सिनेगॉगमध्ये. वर्षातला सगळ्यांत मोठा उपास असतो, तेव्हा गेलेल्यांच्या नावाने प्रार्थना होते. त्यात तिने सलीमचं नाव गुपचूप देऊन ठेवलं. आमच्याकडे असंच करतात, ती मला नंतर सांगत होती, कोकणात तर कुणाचं नाव राहिलं तर माणसं रुसतात... शेकडो नावांत ते नाव ऐकू येणार नाही असा तिचा हिशेब. पण ज्या बाईला दिवसभर त्याच नावाने हाक मारतात तिला ते ऐकू येणार नाही? बायकांच्या सज्जात उम्म सलीम उठून उभ्या राहिल्या आणि अरबीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या मुलाचं नाव यात नाही. त्याला उशीर झालाय." आणि उपाशीपोटी, एकट्या चालत घरी गेल्या.

त्यानंतर कित्येक महिने त्या दीनाताईशी बोलल्या नाहीत. भांडल्या नाहीत, टाकून बोलल्या नाहीत. फक्त दीनाताईने शिजवलेलं खायचं बंद केलं, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं तरी ते बंदच राहिलं. तिने स्वयंपाक आटोपला की उठायच्या, आपल्यापुरता भात लावायच्या आणि पॅसेजमध्ये फोनजवळ बसून खायच्या. एकदा मी गेले तेव्हा दीनाताई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. मी विचारायच्या आतच म्हणाली, "तिघांनी त्याला नुसतं नेलं होतं, सुनंदा. मारलं मी." मी म्हटलं, असं कसं म्हणतेस. ती म्हणाली, "तिच्या हिशेबी तसंच आहे ना. बाकी कुणाच्या हिशेबाला मी काय करू?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लंडनमधल्या काही वकिलांनी इराकच्या सत्ताधाऱ्यांविरुद्ध साक्षी जमवायला सुरुवात केली. एखादं आंतरराष्ट्रीय न्यायालय उभं राहिलंच, तर त्याच्यापुढे ठेवायला. कुर्द, शिया, ज्यू, सगळ्यांच्या. दीनाताई सुट्टीच्या दिवशी ट्रेनने जाऊन त्यांना मदत करायची. म्हाताऱ्या माणसांना चहा देणं, बीपी बघणं, रडणाऱ्याजवळ बसणं. तिथे तिला एक गोष्ट सगळ्यात जास्त भिडली. वकील प्रत्येकाला विचारत, दारात कोण आलं हे सांगाच, पण त्यांना कुणी पाठवलं हे कळेल असं काही पाहिलंत का? "मला त्या दारात आलेल्या माणसांचं काही नाही," दीनाताई म्हणायची, "ते शिपाई. मला त्यांना पाठवणारा हवाय." आणि सलीमच्या प्रकरणात हे सांगू शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती. ती सत्तरीच्या पुढे होती, तिला रक्तदाब होता, आणि तिला कुणी विचारायला गेलं की ती एकच म्हणे, "मेलेल्यांची चौकशी करतात. माझा मुलगा मेलेला नाही." ती हे मनात घेऊनच गेली असती तर सलीम बगदादमधून जसा पुसला गेला तसा बर्मिंगहॅममधूनही पुसला गेला असता. आणि तिला बोलतं करायचं तर आधी तिच्याकडून "मेला" म्हणवून घ्यायचं... दीनाताई तिथे अडली होती. एकदा ती चूक करून बसली होती, दुसऱ्यांदा करायची तिची छाती नव्हती.

त्या वर्षी लायब्ररीत संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांचे गठ्ठे लावायचं काम माझ्याकडे होतं. माणसं गायब करण्याविरुद्धचा एक जाहीरनामा त्यात होता. मी सहज वाचत उभी राहिले आणि एका कलमापाशी थांबले. दुपारी दीनाताईला बोलावलं. ती गणवेशावरच आली, वाचनकक्षात कोट न काढता बसली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. मी हळू आवाजात मराठीत समजावलं, "माणसाला सरकारने उचलून नेलं आणि त्याचं काय झालं हे लपवून ठेवलं, तर तो गुन्हा त्या दिवशी संपत नाही. जोवर त्याचं काय झालं ते सांगत नाहीत, तोवर गुन्हा चालूच आहे असं धरायचं."

"चालू म्हणजे?"

"चालू. आत्तासुद्धा."

"आत्ता, म्हणजे मी इथे बसलेय तेव्हा?"

"हो."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर सायकली लावायच्या जागेत दोन पोरं हसत होती. "म्हणजे कायद्यालासुद्धा," ती थांबून म्हणाली, "तो मेलाय असं म्हणायची घाई नाही." आणि मग वाचनकक्षात, जिथे मी विद्यार्थ्यांना कुजबुजूही देत नसे, ती एवढ्या मोठ्याने रडली की माझा वरिष्ठ काचेच्या खोलीत उठून उभा राहिला. मी त्याला हातानेच बसा म्हणून खूण केली. तो बसला.

घरी जाऊन तिने काय केलं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. सासूबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. दीनाताई समोर बसून तिच्या मोडक्यातोडक्या, त्याच स्वयंपाकघरात शिकलेल्या अरबीत म्हणाली, "उम्म सलीम, सलीम मेला का, असं कुणी विचारत नाहीये. त्याला कुणी नेलं आणि अजून परत का आणलं नाही, एवढंच विचारायचंय." म्हातारीची बोटं तांदळात फिरत राहिली. बऱ्याच वेळाने तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "हे आधी विचारायला हवं होतं."

जबानी घरीच झाली, कारण उम्म सलीम घर सोडून जायला तयार नव्हत्या. लंडनहून एक प्रौढ बॅरिस्टर बाई आल्या, बरोबर एक इराकी दुभाषी. नियम असा होता की घरच्या माणसांनी खोलीत थांबायचं नाही, जबानीवर त्यांची छाया नको. एवढी वर्षं जिने यासाठी रक्त आटवलं तिलाच बाहेर काढलं. "अगदी बरोबर आहे," दीनाताई म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन कांदे चिरत बसली. कांदे कशासाठी, हे तिलाही माहीत नव्हतं. एझ्रा मागच्या अंगणात नुसता उभा होता. बंद दारातून म्हातारीचा आवाज येत होता, न चढणारा, न थांबणारा. मी त्या घरात इतकी वर्षं येत होते, पण त्यांना सलग चार वाक्यं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी उम्म सलीमच्या संमतीने जबानी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तिघे आले, त्यांतला साहेब सभ्य होता, दोन प्रश्न विचारून सोडतो म्हणाला. सलीम कोट घालायला आत गेला. तेवढ्यात फोन वाजला. साहेबाने तो उचलला, ताठ उभा राहिला, "होय, सर. घरीच आहे, सर," एवढं बोलला आणि ठेवला. इथे एझ्राने मध्येच म्हटलं, "आई, आपला फोन तोडलेला होता. कित्येक वर्षं झाली होती."

"वाजला," म्हातारी म्हणाली.

"तुझी काहीतरी चूक होतेय."

"इतकी वर्षं घरात मुका पडलेला फोन वाजला तर मला कळणार नाही? तू तिथे होतास की मी?"

बॅरिस्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या सावकाश म्हणाल्या, की ज्यूंचे फोन सरकारी हुकमाने तोडले होते, म्हणजे तो एका संध्याकाळपुरता जोडून द्यायलाही वरूनच हुकूम लागला असणार. शिपायांच्या मर्जीने हे होत नाही. पलीकडे कुणीतरी होतं. मी दीनाताईकडे पाहिलं. तिचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती उघड्या दारातून पॅसेजमधल्या फोनशेजारच्या त्या खुर्चीकडे बघत होती. "दारातली हवा आवडते म्हणे..." ती माझ्या कानाशी पुटपुटली. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायच्या आधी तिने बाजारातून एक छोटा हीटर आणला आणि त्या खुर्चीच्या पायाशी ठेवला. उम्म सलीमनी हीटरकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. त्या रात्री त्या तिच्या हातचं जेवल्या.

खटला उभा राहिला नाही. हे वाचणाऱ्यांना शेवटी न्याय झाल्याचं सांगता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. फाइल एका कपाटात आहे. पण वकिलांनी सांगितलं होतं, की गुन्हा चालू आहे असं आपण म्हणतो, तर तो अजून चालू आहे हे दर वर्षी नोंदवलेलं चांगलं. तेव्हापासून दर वसंतात उम्म सलीम बर्मिंगहॅममधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात जाऊ लागल्या. स्वतःहून. घर आणि फोन सोडून. जबानीला एक वाक्य जोडायचं: आजपर्यंत माझ्या मुलाची काही खबर मला कुणी दिलेली नाही. नियमाप्रमाणे दीनाताई बाहेर पॅसेजमध्ये थांबायची. तिथे एक लाकडी बाक होता, भिंतीला टेकून. तिची रिटायरमेंटनंतरची सगळ्यांत महत्त्वाची अपॉइंटमेंट म्हणजे तो बाक, असं ती सांगायची. मी चेष्टेने विचारलं, "तिथे बसून करतेस काय?" म्हणाली, "काही नाही. म्हातारीला आतून कळलं पाहिजे की बाहेर कुणीतरी आहे."

गेल्या वर्षी शरदात एका दूरच्या देशाच्या माजी हुकूमशहाला लंडनमध्ये अटक झाली, तेव्हा दीनाताई हॉस्पिटलमध्ये होती. तिच्याच जुन्या वॉर्डात, आता पलंगावर. टीव्हीवर ती बातमी पुन्हा पुन्हा दाखवत होते. उम्म सलीम उशाशी बसून सुनेच्या केसांना तेल लावत होत्या, जे थोडे उरले होते त्यांना. त्यांनी विचारलं, "हा आपला का?" दीनाताईने नाही म्हटलं. "मग कुणाचा?" "दुसऱ्या आयांचा." म्हातारी पडद्याकडे पाहत राहिली. "बरं झालं," म्हणाल्या, "आज त्यांच्या घरी काहीतरी गोड होऊ दे." दीनाताईने हे मला मराठीत करून सांगितलं आणि स्वतःचं जोडलं, "बघ सुनंदा, पाठवणाऱ्यालाही दारातून बाहेर काढता येतं. त्या दिवशी बसमध्ये तुझ्याकडे आडनाव होतं तसं आता मला 'त्याच्या वर कोण' याचं उत्तर मिळालंय." मी म्हटलं, मी तुला आडनाव सांगितलंच नव्हतं. "तेच म्हणतेय," ती हसली, "मी कुठे विचारलं होतं?" तिला तेव्हा खूप औषधं चालू होती. त्याचा अर्थ लावायच्या फंदात मी पडले नाही.

तिच्या मागे घरात सात दिवस सगळे खाली बसले. उम्म सलीमसुद्धा, पाय दुखत असताना. दिवा त्यांनीच लावला. त्या घरात असा दिवा लागलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो ज्याच्यासाठी एझ्राने इतकी वर्षं मागितला होता त्याच्यासाठी नव्हता. शेवटच्या दिवशी मी निघताना एझ्रा दारापर्यंत आला, मराठीत काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण दीनाताईने शिकवलेलं होतं तेवढं सांगून झालं होतं.

आणि मागच्या आठवड्यात माझ्या घरी फोन आला. उम्म सलीम. त्यांनी कुणाला फोन लावल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या फक्त उचलायच्या. इंग्रजीत, शब्द मोजून म्हणाल्या, "सुनंदा. ट्यूसडे. यू कम." मंगळवारी आम्ही दोघी बसने गेलो. त्यांनी खिडकीशेजारची जागा मला दिली आणि सगळा रस्ता माझं मनगट धरून ठेवलं. सॉलिसिटरने दार उघडलं, आत दुभाषी बसला होता. मी नकळत त्यांच्याबरोबर आत पाऊल टाकलं. त्यांनी वळून मला बाहेरचा बाक दाखवला.

मी बसले. दार पूर्ण लागलं नव्हतं. नेहमीचं वाक्य मला अरबीतून कळत नाही, पण ते किती छोटं असेल याचा अंदाज होता. ते संपलं. टाइप करण्याचा आवाज झाला, थांबला. मला वाटलं, आता त्या उठतील. त्या उठल्या नाहीत. पुन्हा बोलू लागल्या. दुभाषीने काहीतरी विचारलं, त्यांनी तेच पुन्हा, जरा जोर देऊन सांगितलं. तो इंग्रजीत सॉलिसिटरला म्हणाला, "यांना आणखी एक लिहून हवंय. त्या म्हणतात, मुलगा येईल तेव्हा कदाचित मी नसेन, त्याला हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून. त्याच्या धाकट्या भावाची बायको या वर्षी वारली. ती इथे, या दाराबाहेर, त्याच्यासाठी बसत असे." सॉलिसिटर अडखळला. कायद्याच्या दृष्टीने याचा या प्रकरणाशी काही संबंध... असं काहीतरी त्याने सुरू केलं आणि सोडून दिलं. मग त्याने विचारलं, नाव कसं लिहायचं?

उम्म सलीमनी ते सावकाश, दोन्ही अक्षरं सुटी करून सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलेला, मला समजलेला तेवढा एकच शब्द. मी बाकावर थोडी सरळ बसले आणि खोकले, बाहेर कुणीतरी आहे हे आत कळावं म्हणून.